जुनी बोंडी

तळहातावर ती एवढीशी दिसत होती — हरभऱ्याहून जरा लांबट, खाली आटे, वर निमुळती होत गेलेली, आणि मधून आरपार गेलेलं सुईच्या टोकाएवढं भोक. त्यानं ती दिव्याखाली धरली, भिंगातून पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली. झिजल्याची खूण कुठे सापडेना. बंदुकांचा दुकानदार हिला निपल म्हणे; बायको मात्र वडिलांच्या हाताखाली ठासणीची बंदूक चालवायला शिकली तेव्हापासून बोंडीच म्हणायची. हिच्यावर तांब्याची टोपी दाबून बसवायची, चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी या भोकातून नळीतल्या दारूपर्यंत जाते, की झालं... आणि परवा दवाखान्याच्या खाटेवरून, भाजी आणायला सांगावं तसं तिनं सांगितलं होतं, ‘अहो, मी इथं आहे तोवर तेवढी बोंडी बदलून ठेवा. झिजलीय ती. वर्षभर छळतेय मला.’

त्याचा जन्म कवळ्या बनवण्यात गेला होता. लोकांच्या तोंडात काय घट्ट बसतं आणि काय डुगडुगतं हे त्याला बोटांनीच कळायचं. दवाखान्यातल्या बाकावर नुसतं बसून राहण्यापेक्षा हे बरं, असं वाटून तो सकाळी उत्साहानंच कामाला बसला होता — हो, उत्साहानंच, आता कबूल करायला काय हरकत आहे. जुनी बोंडी पान्याच्या पहिल्याच हिसक्याला सुटली. दुकानातून आणलेली नवी मात्र दोन फेरे गेली आणि अडली. रेटली असती तर गेलीही असती, पण आतले आटे खाऊन गेली असती. त्यानं ती काढली आणि दोन्ही बोंड्या खिशात टाकून दुकान गाठलं.

‘चूक माझी,’ दुकानदार म्हणाला. ‘हा आटा जाडा आहे. तुमच्या मापाची मागवावी लागेल. पण साहेब, या जुनीला झालंय काय?’ त्यानं भोकात बारीक तार घालून पाहिली. ‘भोक वाढलेलं नाही, डोकं चेपलेलं नाही. ही आपल्या दोघांना पोचवून येईल.’

तो हसला. अशा बोलण्यावर हसायची सवयच होती.

‘पण पहिल्या फटक्याला उडत नाही,’ तो म्हणाला. ‘घोडा दुसऱ्यांदा पाडावा लागतो.’

‘मग टोपी पुरती खाली न जाता वरच राहत असेल. तशी असली की पहिला फटका तिला खाली बसवण्यातच जातो. वहिनींना म्हणावं, अंगठ्यानं जरा जोर लावून दाबा.’

बस एवढंच. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

घरी येऊन त्यानं जुनीच बोंडी परत बसवली. बोटांनी फिरवत नेली तर ती शेवटपर्यंत अलगद गेली, इतकी अलगद की त्याला तिचा राग आला. नळी रिकामी असल्याची खात्री करून तो मागच्या अंगणात गेला, टोपी ठेवली, अंगठ्यानं दाबली, नळी मातीकडे धरून चाप ओढला. फाट्‌ झालं. दुसरी टोपी, पुन्हा फाट्‌. मग तिसरी टोपी त्यानं नुसती वर ठेवली, दाबली नाही. घोडा पडला, नुसता खट्‌ असा आवाज. घोडा पुन्हा ओढून पाडला, फाट्‌. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. तो बंदूक घेऊन पायरीवर बसला, आणि कानात तो खट्‌ राहिला. मागचं सगळं वर्ष त्यानं नेमबाजीच्या मैदानाच्या कडेला उभं राहून हाच आवाज ऐकला होता: खट्‌, मग तिचं पुटपुटणं, मग बार, आणि गोळी निशाणाच्या खाली. क्लबातले लोक मान वळवायचे. ती म्हणायची, ‘या बोंडीनं वैताग आणलाय.’ आणि तो... तो मान डोलवायचा.

अंगठा. तिचा अंगठा.

त्याला ते गुलाबी दाबणं आठवलं. मागच्या हिवाळ्यात ती त्याच्या कामाच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. एरवी ती तिकडे फिरकायची नाही, तिथल्या रसायनांच्या वासानं तिचं डोकं उठायचं. ‘टोपी दाबून अंगठा दुखतो हो,’ म्हणाली होती, ‘काहीतरी करून द्या की.’ आणि त्यानं कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी मसाल्यातून तळहाताला बसेल असं एक छान गुळगुळीत दाबणं घडवून दिलं होतं, वर चेष्टाही केली होती — जगातली पहिली बंदूक, जिला कवळी आहे. ती हसली होती. किती वेळ हसली होती? हसताना हात पदराखाली होता का? मी पाहिलं नाही. मी त्या दाबण्याची चकाकी पाहत होतो.

म्हणजे तिनं सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं, माझ्या टेबलापाशी येऊन, आणि मी तिला गुलाबी खेळणं दिलं.

काल डॉक्टरांनी विचारलं होतं, हाताची ताकद कधीपासून कमी झाली? त्यानं लगेच उत्तर दिलं होतं, दोनेक महिने, कपबशी हातातून पडली तेव्हापासून. ती खाटेवर छताकडे पाहत पडली होती. तिनं त्याचं वाक्य दुरुस्त केलं नाही. एरवी ती त्याचं कुठलंच वाक्य तसं सोडत नसे. डॉक्टर बाहेर येऊन त्याला म्हणाले होते की हा आजार हातावर थांबत नाही, पुढे गिळणं, मग श्वास... आणि हे तिला कसं, कधी सांगायचं या काळजीनं रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. कुणाला सांगणार होता तो? तिला? जी वर्षभर रोज सकाळी उठून ब्लाउजच्या हुकांशी झगडून, त्याला चहा देताना कप दोन्ही हातांनी धरून — ‘थंडी आहे हो’ — हे केव्हाच ओळखून होती?

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला तेव्हा मोठी मेहुणी बहिणीला भात भरवत होती. ‘या भावोजी,’ ती म्हणाली आणि चमचा त्याच्या हाती देऊन हात धुवायला गेली.

त्यानं एक घास दिला. बायकोनं तो सावकाश गिळला. फार सावकाश.

‘बसली का बोंडी?’

‘बसली.’

‘जुनी झिजली होती ना?’

ती त्याच्याकडेच पाहत होती. चाप ओढण्याआधी निशाणाकडे पाहायची तसं, श्वास रोखून. दुकानदार, तार, अंगणातला फाट्‌, सगळं त्याच्या तोंडाशी आलं. डॉक्टरांना सांगायला हवं होतं, निदान त्यांना तरी, की दोन महिने नव्हे... 

‘पार कामातून गेली होती,’ तो म्हणाला. ‘एवढे दिवस कशी चालवलीस कुणास ठाऊक.’

‘मी म्हणतच होते.’

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. समाधान असेल, किंवा आपला माणूस अखेर खोटं बोलायला शिकला एवढंच तिनं टिपलं असेल. तो चमचा हातात धरून बसला. हे कधीपासून कळलं होतं, असं तिला विचारावंसं वाटलं, आणि विचारलं तर ती डोळे उघडेल अशी भीतीही वाटली. तिला एकटीला ठाऊक होतं ते आता त्यालाही ठाऊक होतं खरं, पण ते दोघांनीही बोलायचं नव्हतं, एवढंच त्याला आता कळत होतं. वर्षभर ती एकटी असताना कशी असेल ते त्याला सबंध दिवसात उमगलं नव्हतं. ते या क्षणी, तिच्या इतक्या जवळ बसून, उमगलं, आणि त्यानं पुढचा घास चमच्यात भरला.