वरचा सूर

थंडी पडली की त्या भागातल्या माणसांचा पाय घरात ठरत नसे. एरवी दारंखिडक्या लावून बसणारे लोक कानटोप्या चढवून बाहेर पडायचे. दर रविवारी वेगळ्या गावी कार्यक्रम असायचा. कधी तळ्याकाठी, कधी बागेत, कधी भर चौकात. चित्रकार बोटांवर फुंकर मारत चित्रं काढत बसलेले, पलीकडे बाहुल्यांचा खेळ, त्याच्या पलीकडे गाल फुगवून लालबुंद झालेले बँडवाले. आणि कार्यक्रमाच्या शेवटी, लोकांच्या हातातले कप रिकामे होऊन सगळे जरा स्थिरावले की, दोघी बहिणी गायला उभ्या राहायच्या.

थोरली गिटार घेऊन वरचा सूर गायची, धाकटी खालचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी बाहीला नाक पुसण्याच्या वयाची होती. तिला झोपवायला थोरली गायची, आणि झोपायचं सोडून ही बया खालून साथ द्यायला लागली. पुढे दोघींचे केस पिकायला लागले तरी जागा तीच राहिली. आता थोरली साठीला टेकली होती आणि धाकटी पन्नाशीच्या अलीकडे होती, पण थोरली अजून तिला "मफलर गुंडाळ गं" म्हणून सगळ्यांसमोर दटावायची.

तिसरे होते थोरलीचे यजमान. मूळचे वीजदुरुस्तीवाले. गळ्यात कायम वायरींची वेटोळी, म्हणून लोक त्यांना तारवाले म्हणायचे. माईक, स्पीकर, मिक्सर, गाडी चालवणं, सगळं त्यांच्याकडे. "लग्न एकीशी झालं, संसार दोघींच्या वायरींशी करतोय," असं ते जिथे जातील तिथे सांगायचे, आणि जिथे जातील तिथे लोक हसायचे.

अलीकडे थोरलीची एकच तक्रार होती. धाकटी आपली जागा सोडते. वरच्या जागा आल्या की हळूच वर सरकते, थोरलीच्या सुराला घासून जाते.

"तुझा खालचा सूर म्हणजे घराचा पाया आहे," थोरली घरी परतल्यावर सुनावायची. "पायाच जिना चढायला लागला तर कसं व्हायचं? इतकी वर्षं गातेस, अजून कळत नाही?"

धाकटी मान खाली घालून ऐकायची. "चुकलं ताई," म्हणायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्या रविवारी कार्यक्रम एका चौकात होता. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. धाकटीने नेहमीप्रमाणे, "तुझे हात गार पडलेत, दे इकडे," म्हणत गिटार सुरात लावून दिली. पहिली दोन गाणी झाली. तिसरं अर्ध्यावर आलं आणि एकाएकी स्पीकर मेले. जनरेटरच्या वायरीत कुणाचा तरी पाय अडकला होता. तारवाले मिक्सर सोडून तिकडे धावले.

"या, सगळे पुढे या!" थोरली ओरडली. तिला उलट गंमतच वाटली. "माईक नव्हते तेव्हाही आम्ही गायचोच की!"

"ताई, थांबू या ना जरा," धाकटी घाईघाईने म्हणाली. "भावोजी आणतील लाइट."

"थांबायचं कशाला? लोक गारठतायत."

लोक पुढे सरकले. मंचाला खेटून उभे राहिले. थोरलीने नावेचं गाणं धरलं. तिचं सगळ्यात आवडतं. शेवटी नाव किनाऱ्यापासून तुटते तिथे सूर वर जाऊन बराच वेळ तसाच राहायचा. ती वर गेली. छान लागला. तिला तरी तसंच वाटलं.

मग तिचं समोर लक्ष गेलं. जाड हातमोजे घातलेली एक बाई हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे मात्र खाली गेले. एका म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, त्या आजी अशा का ओरडतायत?"

बापाने तिचा पाय दाबला.

तेवढ्यात धाकटी आपला सूर सोडून वर आली. हळूच नाही, पूर्ण आवाजात. क्षणभर दोघी एकच सूर धरून उभ्या होत्या आणि तो एकच सूर नव्हता. थोरलीला ते कानाने कळलंच नाही. कळलं ते धाकटीच्या हातामुळे. घसरणाऱ्या माणसाला धरावं तसं तिने थोरलीचं कोपर घट्ट धरलं होतं.

थोरलीने तोंड मिटलं. गाणं धाकटीने एकटीने पुरं केलं. टाळ्या पडल्या. जरा जास्तच पडल्या, आणि फार घाईने पडल्या. लाइट आल्यावर थोरली "घसा धरलाय माझा" म्हणून मागे खुर्चीत जाऊन बसली. उरलेली गाणी धाकटीने गायली.

सामान भरून तिघं गाडीत बसली. तारवाल्यांनी किल्ली लावली, पण फिरवायच्या आधीच थोरलीने विचारलं, "अहो, मी बेसूर गाते का?"

"आज गारठा फार होता," ते म्हणाले.

"गारठ्याचं नाही विचारलं."

"ताई, घरी जाऊन बोलू," मागून धाकटी म्हणाली.

"म्हणजे बोलण्यासारखं आहे तर."

समोरच्या काचेवर तिघांच्या श्वासांची वाफ धरायला लागली. तारवाल्यांनी ती बाहीने पुसली, पुन्हा पुसली.

"वरची जागा आली की मी तुझा माईक खाली घेतो," ते शेवटी म्हणाले.

"किती खाली?"

"बंदच करतो म्हण."

"आणि मला ऐकू येतो तो?"

"तुझ्या पायाशी छोटा स्पीकर असतो ना, त्यात चालू ठेवतो. फक्त लोकांकडे जाणाऱ्या मोठ्या स्पीकरमध्ये जात नाही."

थोरलीने काचेबाहेर पाहिलं. चौकात माणसं खुर्च्या दुमडून रचत होती.

"मग लोकांना वरचा सूर कुणाचा ऐकू येतो?" असं विचारताना तिला उत्तर कळलं. जिना चढणारा पाया. दर रविवारी घरी येऊन ऐकवलेली बोलणी. ती मागे वळली. "तू मला सांगितलं का नाहीस? मी तुला एवढी बोलत होते!"

"काय सांगू?" धाकटीचा आवाज फुटला. "तूच शिकवलंस मला, आणि तुलाच सांगू की ताई, तुझा सूर जातोय? मला वाटलं, दमली असशील, बरं होईल. नाही झालं. दोन हिवाळे मी तुझ्या सुराला खांदा देतेय आणि..."

आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. तिने मफलर तोंडावर दाबला.

"तुला एकटीला बोलावतात?"

"ताई, जाऊ दे ना."

"बोलावतात का?"

"बोलावतात. मी नाही म्हणते."

"माझ्यासाठी."

"मग कुणासाठी?"

थोरलीला वाटलं, ही दोघं आपल्या पाठीमागे हसली असती तर किती बरं झालं असतं. भांडता आलं असतं, आदळआपट करता आली असती. लहानपणी खेळात एखादं अगदी बारकं पोर असायचं. त्याला खेळायला घ्यायचं, पळू द्यायचं, पण आउट धरायचं नाही आणि मोजायचंही नाही. कच्चा लिंबू. त्या पोराला कधीच कळत नसे आपण कच्चा लिंबू आहोत ते. तेही जीव खाऊन पळायचं.

"चला," ती म्हणाली. "उशीर होतोय."

त्या आठवड्यात ती एकटीच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी कानांवर हेडफोन चढवून बरंच काही ऐकवलं, मग समजावून सांगितलं. डावा कान सूर जसाच्या तसा ऐकत होता, उजव्याला तोच सूर किंचित वेगळा लागत होता. दोन कानांत दोन सूर, आणि मेंदू बिचारा मधलं काहीतरी धरून बसायचा.

"यंत्र लावलं की बोलणं स्पष्ट ऐकू येईल," बाई म्हणाल्या.

"आणि गाणं?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "गाणंही ऐकू येईल. पण पूर्वीसारखं येईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही."

थोरलीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तिच्याशी सरळ बोलणारं निदान एक माणूस भेटलं, आणि तेही परकं.

हंगामातला शेवटचा कार्यक्रम तळ्याकाठी होता. "तू एकटी जा," थोरलीने धाकटीला सांगितलं. धाकटी रडली. मग म्हणाली, "निदान मागे गिटार घेऊन बस. मी लावून देईन ती."

"हात गार पडलेत म्हणत लावून देशील," थोरली म्हणाली. "नको. जा तू."

रविवारी सकाळी तारवाल्यांनी गाडी भरली. एरवी वायरी गुंडाळायला थोरली असायची. आज ती दारात उभी राहून पाहत होती. "मी स्वेटर उसवायला घेणार आहे," ती म्हणाली. "बरेच दिवस राहिलाय." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी ती आत येऊन खरंच स्वेटर घेऊन बसली. एक बाही उसवून झाली. दुसरीचं टोक काही केल्या सापडेना. शेवटी तिने तो तसाच टाकला, यजमानांचा जुना कोट चढवला, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि बस पकडली.

तळ्याकाठी ही गर्दी. ती सगळ्यांत मागे, झाडांना टेकवून ठेवलेल्या चित्रांजवळ उभी राहिली. एक चित्रकार मंचाचं चित्र काढत होता. पाणी झालं होतं, आभाळ झालं होतं, आणि मधोमध धाकटीच्या शालीचा तेवढा एक लाल ठिपका.

धाकटीने नावेचं गाणं धरलं. नाव किनाऱ्यापासून तुटते तिथे ती वर गेली, आणि थोरलीच्या अंगावर काटा आला, कारण सूर चुकीचा लागला होता. दोन सूर एकमेकांना घासत होते. आजूबाजूला पाहिलं तर लोक डोळे मिटून ऐकत होते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि तिने उजव्या कानावर तळवा घट्ट दाबला.

आता सूर एकच झाला. बारीक, लांबून आलेला, पण स्वच्छ. तिनेच शिकवलेली ती जागा होती. तिच्यापेक्षा चांगली लागली होती. हे कबूल करणं तिला जड गेलं, पण खोटं तरी किती बोलणार, आणि तेही स्वतःशी.

मग ती खालच्या सुराची वाट पाहत राहिली. म्हणजे तो तिथे नाही, हे कळताना कसं वाटतं ते तिला पाहायचं होतं. पण तसं काही झालंच नाही. धाकटीने गाणं नव्याने बसवलं होतं. चाल एकटीला पेलेल अशी वळवली होती. कुठे भोक नव्हतं, कुठे पोकळी नव्हती. गाणं पुरं होतं.

"काय आवाज आहे, नाही?" शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली. "ही नेहमी एकटीच गाते का?"

"हो," थोरली म्हणाली. "एकटीच."

कार्यक्रम संपला. आभार मानणाऱ्याने धाकटीचं कौतुक केलं, बँडवाल्यांचं केलं, हवेचंही केलं. लोक पांगायला लागले. गर्दीतून वाट काढताना थोरलीने डावा कान उघडा ठेवला होता. कुणी उन्हाबद्दल बोलत होतं, कुणी गाडी कुठे लावली त्याबद्दल. दोन ओळखीच्या बायका अगदी जवळून गेल्या. वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसणाऱ्या. त्या लोकरीच्या भावावर बोलत होत्या.

ती मिळाली त्या बसने आधी घरी पोचली. कोट होता तसा खुंटीला लावला, चूल पेटवून भाजी टाकली. तारवाले आले तेव्हा दिवेलागण झाली होती. धाकटीला आज परस्पर तिच्या घरी सोडून ते एकटेच आले होते. वायरींची वेटोळी कोपऱ्यात ठेवत ते म्हणाले, "झाला बाबा कार्यक्रम."

"कसा झाला?"

"ठीक. बरा झाला." ते वायरीचं टोक आत खोचत राहिले. "पण लोक तुझी आठवण काढत होते हं. दहा जणांनी तरी विचारलं, ताई कुठे, ताई कुठे म्हणून. एकीला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. म्हणाली, दोघी नसल्या की मजा नाही."

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट कधी जमली नव्हती. खोटं बोलताना ते माणसाकडे पाहूच शकत नसत. दिवसभर उभं राहून त्यांचा चेहरा उतरला होता, थंडीने ओठ फुटले होते. मी तिथे होते, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं तिला. ते जिभेपर्यंत आलंही. पण ते बोलून टाकलं असतं तर हा माणूस नंतर कुठे तोंड लपवणार होता?

तिने ताट वाढलं. समोर पाट ओढून बसली.

"अजून कोण विचारत होतं?" ती म्हणाली.

तारवाल्यांनी पहिला घास हातात घेतला, जरा आठवल्यासारखं केलं, आणि सांगायला सुरुवात केली.