टाका सुटेपर्यंत

"हलू नकोस. आणि पोट आत ओढून धरू नकोस, मग बसताना टाके तुटतात."

थावीच्या तोंडून हे सवयीनं निघालं. मोलिकाला वाटलं, आई खांद्यावरच्या शेल्याला टाचणी लावतेय. ती डोळे मिटून बसली होती. समोर रंगवणारी बाई तिला खोट्या पापण्या चिकटवत होती, आणि बाहेर गल्ली अडवून घातलेल्या मांडवात वाजंत्री सूर जुळवत होते.

मोलिकानं आईला एवढंच सांगितलं होतं, की मागची चेन ओढ आणि शेला सारखा कर. थावीनं चेन ओढली, शेला सारखा केला. पण सोनेरी कापडाची पाठ समोर आली आणि तिच्या हातांनी तिला विचारलंच नाही.

नॉम पेनच्या नृत्यमंडळीत थावी उमेदीच्या वयापासून पोशाख चढवायचं काम करत आली होती. तो पोशाख नर्तकीच्या अंगावरच शिवतात. बटण नाही, हूक नाही. मानेपासून कमरेपर्यंत टाके घालायचे, आणि नाच संपवून पोरगी आत आली की ते कापून तिला मोकळं करायचं. तोवर तिनं पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि थावी खाली बसायची नाही. बसू नकोस असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिकडं पोरगी सोन्यात जखडलेली असताना आपण खुर्चीवर टेकायचं, हे तिच्या मनाला पटायचं नाही.

मोलिका त्या पोशाखांच्या खोलीच्या दारात वाढली. तिलाही नाचायचं होतं, पण तिची बोटं काही केल्या मागं वळेनात. गुरुबाईंनी दोन वर्षं वाट पाहिली आणि प्रेमानंच घरी पाठवलं. मग पोरगी शिलाई मशीनवर बसली ती बसलीच. आता बाजारापाशी नवरीच्या कपड्यांच्या दुकानात ती नाचाच्याच घाटाचे पोशाख बनवायची. तोच शेला, तोच कमरपट्टा, तसाच कासोटा, फक्त वजनाला हलके आणि मागं चेन लावलेले. शहरातल्या नवऱ्या ते घालत, नववर्षाला कचेरीतल्या पोरीही घालत. थावी त्याला 'दोन मिनिटांचं सोनं' म्हणायची आणि दुकानाची पायरी चढायची नाही.

"दोन मिनिटांत घालता येतं म्हणून तरी लोक घालतात, आई," मोलिका म्हणायची. "तुझं सोनं पेटीत पडून असतं."

आजचा पोशाख मोलिकानं स्वतःसाठी स्वतः शिवला होता.

आमच्याकडं नवरी इतक्या वेळा कपडे बदलते, की नवऱ्यानं तिचा चेहरा पाठ करून ठेवलेला बरा. फळांची तबकं घेऊन आलेल्या वऱ्हाडाचं स्वागत झालं आणि नवरा-नवरीचे केस कापण्याच्या विधीसाठी हिरवा पोशाख घालायला मोलिका धावतच आत आली. हात मागं नेऊन तिनं चेन ओढली. हलेना. पुन्हा ओढली.

"आई, अडकलीय ही. बघ जरा."

थावीनं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. चेनीवरून मानेपासून कमरेपर्यंत बारीक टाके घातलेले होते.

"तू शिवलंस मला?"

"हाताला कळलंच नाही गं."

"माझ्या चेनीवरून शिवलंस! बाहेर सगळे खोळंबलेत, आणि हे काय तुझं नाटकघर आहे? एक चेन लावलेली तुला बघवत नाही का?"

थावीनं एकेक टाका कापला, धागे वेचून मुठीत घेतले. हिरवा पोशाख घालून मोलिका मागं न बघता बाहेर गेली. थावीनं सुई-कात्री डबीत घातली आणि डबी उशीखाली सारली. तिला फार वाईट वाटलं. जन्मभर परक्यांच्या लेकी सोन्यात शिवल्या, आणि स्वतःची एकुलती एक, तिला शिवली ती चुकून.

जेवणं झाली. नवरा-नवरी लगेच निघणार होती. जावई विसोथ सिएम रीपला नोकरीला होता, आणि वाटेत कंपाँग थॉमला त्याची आजी अंथरुणाला खिळलेली होती. नातसून सोन्यात बघायची, एवढा एकच हट्ट म्हातारीनं धरला होता. म्हणून मोलिकाला पुन्हा तोच पोशाख घालायचा होता. मावसबहीण चेन ओढायला पुढं झाली.

"तू राहू दे. आईला बोलव," मोलिका म्हणाली.

थावी रिकाम्या हातांनी आली. तिनं चेन जपून वर नेली. बोट फिरवून पाहिलं, तर चेनीच्या शेवटाला टाका दुहेरी वळवून घेतलेला होता. तसा टाका ती स्वतः घ्यायची.

"छान बसलीय चेन," ती म्हणाली. एवढं ती आजवर कधी म्हणाली नव्हती.

"आता वरून तुझे टाके घाल."

"चेन आहे की."

"असू दे. लहानपणी मी दारात उभी राहून बघायचे. शिवून झालं की तू त्या पोरींच्या पाठीवरून हात फिरवायचीस. मला फार राग यायचा त्यांचा."

थावीनं उशीखालची डबी काढली. या खेपेला तिनं सावकाश शिवलं, आणि शेवटची गाठ मारून लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मोलिका रडली नाही. पापण्या चिकटवलेल्या होत्या.

गाडीपाशी थावीनं छोटी कात्री विसोथच्या हातात दिली. ती कात्री तिनं आजवर कुणाला दिली नव्हती.

"आजीला दाखवून झालं की लगेच सोडव. टाका कापायचा, कापड नाही. आणि ओढाओढ करू नकोस."

"हो, आई," विसोथ म्हणाला आणि त्यानं कात्री रुमालात गुंडाळली.

गाडी गेली. मांडववाले खुर्च्या एकात एक घालायला लागले. थोरली बहीण नीम भाताची थाळी घेऊन आली.

"सकाळपासून उभी आहेस. बस आता, चार घास खा."

"खाईन गं."

"मग बस की!"

"पोर अजून सुटली नाही," थावी म्हणाली.

नीमनं कपाळाला हात लावला आणि थाळी झाकून ठेवली. मांडव उतरला, बांबू टेम्पोत गेले, गल्ली पुन्हा रोजची झाली. थावी फाटकाला टेकून उभी होती. दिवेलागणीला फोन वाजला.

"सुटले, आई," मोलिका म्हणाली. "आजींनी शिवण बघितली. तुझे धागे मी जपून ठेवलेत."

"बरं," थावी म्हणाली. मांडववाल्यांची एक खुर्ची मागं राहिली होती. ती तिनं ओढून घेतली आणि खाली बसली.