कायमच्या दप्तराचा लाल रुमाल

मी लाल रुमाल बोलतोय. खिशातला नव्हे, कुरुंदवाडजवळच्या एका ग्रामपंचायतीच्या दप्तराचा. इचलकरंजीच्या मागावरचं जाड मादरपाट आम्ही. एकाच ताग्यातून फाडलेले, पण चार रंगांत बुडवलेले. आमची वाटणी नियमानं ठरलेली. माझ्यात बांधलेला कागद कायमचा जपायचा. हिरव्यातला तीस वर्षं, पिवळ्यातला दहा, आणि पांढऱ्यातला जेमतेम वर्षभर.

माझ्या पोटात जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं होती. त्यांच्याकडे सहसा कुणी फिरकत नसे. रत्नव्वा मात्र यायची. तिचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं. त्याचा फोटो नाही, त्याला नाव नाही. रजिस्टरात एक ओळ तेवढी होती. तिला वाचता येत नव्हतं. शिपाई पिराजी माझी गाठ सोडून त्या ओळीवर बोट ठेवायचा.

"लोक दाखला न्यायला येत्यात रत्नव्वा, नुसतं बघायला तू एकटीच!"

"तुझ्या बाचं काय जातंय? बोट काढ आधी, झाकतंय की त्येला."

मागच्या वर्षी कार्यालयात पाहुणे येणार होते आणि टेबलावर घालायला कापड सापडेना. पिराजीनं मला सोडलं, रजिस्टरं पांढऱ्या रुमालात बांधली. "दोन दिसांचं तर काम हाय," म्हणाला. मी हारतुऱ्यांखाली पसरलो. माझ्यावर चहा सांडला, म्हणून मला धुतलं, वाळवलं, घडी करून कपाटावर टाकलं. आणि पिराजी विसरला.

मग दप्तराची छाननी निघाली. प्रत्येक गठ्ठा सोडून तपासायचा, यादी करायची, मंजुरी घ्यायची, मगच कागद नष्ट करायचे, असा नियम. यादी झाली, सह्याही झाल्या. गठ्ठा मात्र कुणी सोडला नाही. सगळ्यांनी रंग बघितला. मागच्या अंगणात पांढरे गठ्ठे पेटले, तेव्हा मी कपाटावर घडी होऊन पडलो होतो. लाल असून माझा काही उपयोग झाला नाही.

संक्रांतीनंतर रत्नव्वा आली. पिराजी तोंड चुकवून बाहेर जाऊन उभा राहिला. नव्या ग्रामसेविका संयोगिताबाईंनाच सांगावं लागलं.

"आज्जी, ते रजिस्टर राहिलं नाही. चुकून जळलं."

"तालुक्याला दुसरं असंल की."

"तिथलं पुरात गेलं."

रत्नव्वा फरशीवरच बसली. "मग आता त्यो झालाच न्हवता म्हणायचं व्हय?"

बाईंनी कागद ओढला, दाखला लिहिला, शिक्का मारला आणि वाचून दाखवला. 'श्रीमती रत्नव्वा यांच्या पहिल्या मुलाच्या जन्माची व मृत्यूची नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही.'

"परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"पहिला मुलगा, आसं लिवलंय न्हवं?"

"हो आज्जी."

तिनं कागद कपाळाला लावला, पिशवीत घातला आणि उठली.

असल्या दाखल्याची कार्यालयीन प्रत फार दिवस ठेवत नाहीत. संयोगिताबाईंनी मला कपाटावरून काढलं, झटकलं आणि ती प्रत माझ्यात बांधली. आज माझ्यात तेवढाच एक कागद आहे.

पुढच्या छाननीला तुम्ही कुणीतरी याल. या वेळी तरी गाठ सोडाल, वाचाल. हा कागद लाल रुमालात चुकून आलाय, असं तुम्हाला वाटेल. तो चुकून आलेला नाही. तेवढा राहू द्या.