धूर घेऊन जा गे मारबत

रंभाबाईच्या चक्कीची तक्रार मीच केली होती, आणि तिच्या तोंडावर सांगून केली होती. पाठीमागे कुरकुर करायची सवय मला नाही. नागपूरच्या बुधवारीतल्या आमच्या गल्लीत तिची आटाचक्की बरोबर माझ्या ओट्यासमोर, आणि तिच्या डिझेल इंजिनाचा पाइप बरोबर माझ्या कपड्यांच्या दोरीकडे तोंड करून. सकाळी पांढरं धोतर वाळत घालावं आणि दुपारी ते मांजराच्या रंगाचं काढावं, असं बारा-पंधरा वर्षं चाललं होतं. गच्चीवरच्या कुरड्या राखाडी, मुगवड्या काळ्या. बरं, धोतर पुन्हा धुता येतं. आमच्या ह्यांचा दमा कुठल्या साबणानं धुणार? धंतोलीच्या डॉक्टरांनी ह्यांच्या छातीला नळी लावली आणि विचारलं, "घराजवळ कारखाना आहे का?" मी म्हटलं, "कारखाना नाही डॉक्टरसाहेब, रंभाबाई आहे."

तिथून आले ती थेट चक्कीच्या दारात उभी राहिले. इंजिन चालू होतं, त्यामुळे आमचं बोलणं नेहमीसारखं ओरडूनच.

"रंभाबाई, मी कॉर्पोरेशनात अर्ज देऊन राहिली तुमच्या इंजिनाचा!"

"द्या ना वं!" ती पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत ओरडली. "शाई नसन तं माह्या घरून घेऊन जा!"

दिला अर्ज. महिनाभरात नोटीस आली: दिवाळीच्या आत धूर बंद करा, नाहीतर चक्की बंद करा. त्या दुपारी मी मोठ्या आनंदात होते. संध्याकाळी मात्र रंभाबाई चक्कीच्या पायरीवर बसलेली दिसली. इंजिन बंद, दीर नत्थूजी आत उगाच पट्टा पुसत उभा. नवऱ्यानं इंजिन आणलं आणि दोन वर्षांत तो गेला. त्यानंतर ह्याच चक्कीच्या पिठावर तिनं दोन मुली उजवल्या होत्या. विजेची मोटर बसवायची म्हणजे अर्धी चक्की नवी घ्यायची, ते तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मला धूर बंद करायचा होता, कोणाची चूल नाही. आणि चक्की गेली तर गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन इतवारीच्या बाजारापर्यंत कोण जाणार होतं? मीच ना!

वाट काढली गणपतरावांनी. हे आमच्या गल्लीचे पुढारी. लग्न असो, मयत असो, गणपतराव पुढे. त्यांनी पेपरात वाचलं की सरकारनं नवी योजना काढली आहे: जुनं, धूर ओकणारं डिझेल इंजिन सरकारजमा करा आणि विजेच्या मोटरसाठी अनुदान घ्या. त्यांनी रंभाबाईकडून अर्ज करवला. खात्याचे साहेब एकदाच येऊन पाहणी करणार, आणि त्यांनी हो म्हटलं तर मोटर मिळणार. नाही म्हटलं तर नोटीस आहेच.

आता साहेब येणार म्हटलं की आमच्या गल्लीला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे झाडझूड. दोन दिवस आधी चक्की बंद ठेवली. भिंतींना चुना मारला. नत्थूजीनं इंजिन खोलून रॉकेलनं धुतलं, जाळी बदलली, पाइपातली काजळी घमेलंभर काढून नालीत टाकली आणि वरून हिरवा रंग दिला. रंभाबाईनं इंजिनाला हळदी-कुंकू लावलं, मोगऱ्याचा हार घातला. गणपतरावांनी गेल्याच महिन्यात आपली मुलगी पुष्पलता पाहुण्यांना दाखवली होती. त्या दिवशीसुद्धा एवढी तयारी नव्हती. मी काय शहाणी निघाले? मीही साहेबांच्या खुर्चीवर घालायला माझी नवी चादर दिली. अक्कल गहाण टाकायची तर सगळ्यांनी मिळून टाकावी!

साहेब आले. वैशाखाचं ऊन, अंगात दुधासारखा सफारी, हातात फाइल. माणूस सभ्य होता. नत्थूजीनं चक्कीचा पट्टा न चढवताच हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. थुक थुक थुक थुक. पाइपातून निघाला तो एवढासा धूर, उदबत्तीचासुद्धा त्याहून जास्त असतो.

"काही त्रास देतं का इंजिन?" साहेबांनी विचारलं.

रंभाबाईनं पदर सारखा केला. "नाही जी. लय गुणाचं आहे. लेकरावाणी वागते."

मी कपाळावर हात मारला. पण तिचंही काय चुकलं? पाहुण्यापुढे घरच्या माणसाला वाईट म्हणायचं नाही, हेच आपण जन्मभर शिकलेलो.

"आणि धूर?"

"धूर नाहीच जी साहेब," नत्थूजी छाती काढून म्हणाला. "कोणालेही विचारा!"

साहेबांनी गल्लीकडे पाहिलं. हातात पेन घेतलेला सरकारी माणूस पाहिला की आमच्या लोकांना दंडच आठवतो. रोज माझ्यासोबत त्या धुराला शिव्या देणारी सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "नाही जी, धूर कायचा!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग बाई, तुम्हाला मोटर कशाला हवी? ही योजना जुन्या, धूर सोडणाऱ्या इंजिनांसाठी आहे. तुमचं इंजिन तर नव्यासारखं चालतं."

"पण साहेब, ते नोटीस..." रंभाबाईचा आवाज खाली आला.

"नोटिशीचं कॉर्पोरेशन पाहील. मी डोळ्यांनी जे पाहिलं तेच लिहिणार." साहेब उठले.

रंभाबाई तशीच उभी राहिली. तिनं एकदा हार घातलेल्या इंजिनाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. एवढ्या वर्षांत ही बाई माझ्याकडे डोळे वटारल्याशिवाय कधी पाहत नव्हती. त्या दिवशी त्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग तिचा नाही, साहेबांचा नाही. त्या चोरट्या इंजिनाचा! पंधरा वर्षं माझी धोतरं खाल्ली आणि आज सासरी आलेल्या नवरीसारखं मान खाली घालून बसलं होतं.

"थांबा साहेब!" मी ओरडले. "आमच्या गल्लीतून चहा न घेता कोणी जात नाही."

खुर्ची उचलून मी माझ्या ओट्यावर ठेवली. बरोबर दोरीखाली, पाइपाच्या समोर. साहेब बिचारे बसले. मी त्यांच्या हातात कप दिला आणि तडक चक्कीत शिरले.

"नत्थूजी, पट्टा चढवा."

"काहून जी इंदूबाई?"

"गणपतरावांच्या पुष्पलतेच्या लग्नाची डाळ पडून आहे ना? बुंदीच्या बेसनाची? टाका सगळी!"

समोर काय दळून राहिले, हे मला घरात बसून माझ्या दोरीवर कळायचं. गहू असले तर कपडे राखाडी. ज्वारी असली तर नुसते मळकट. पण हरभऱ्याची डाळ दळली की धोतर आणि चूल पुसायचं फडकं ह्यांत फरक उरत नसे. रिकामं इंजिन काय, कोणाचंही गरीबच असतं.

रंभाबाईनं माझा हात धरला. "नको वं इंदूबाई! साहेबावर सगळा धूर जाईन ना!"

"जाऊ द्या! तो पाहालेच तं आले ते!"

हात झटकून मी डाळीचं पोतं ओढलं. मला एकटीला ते हलेना. तेव्हा रंभाबाईच पुढे आली, दुसरं टोक तिनं धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून ते चक्कीच्या पेटीत रिकामं केलं. आयुष्यात आम्ही दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

डाळ चक्कीच्या दगडी पाळ्यांत गेली आणि इंजिन कण्हलं. थुक... थुक... थुक... मंद झालं, थरथरलं, बंद पडतं की काय असं वाटलं. आणि मग त्यानं आपलं खरं रूप दाखवलं. पाइपातून काळा लोट निघाला तो थेट माझ्या ओट्यावर. दोरी दिसेना, खुर्ची दिसेना, साहेब दिसेनात. नुसता खोकला ऐकू येत होता.

तेवढ्यात घरातून आमचे हे बाहेर आले, तोंडाला पंचा लावून, नेहमीसारखे वाकून खोकत. धुरात एक खोकला साहेबांचा, एक ह्यांचा, आळीपाळीनं.

"बंद करा! बंद करा!" साहेब ओरडत होते.

नत्थूजीनं इंजिन बंद केलं. धूर निवळला तेव्हा दुधासारख्या सफारीवर काळे ठिपके, चष्म्याच्या काचा काळ्या आणि चहावर काजळीची साय. गल्लीत कोणी हसेना. मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "साहेब, तुम्ही एक कपभर खाल्ला. हा माणूस रोज जेवून राहिला."

मग रंभाबाई पुढे आली. हात जोडलेले, पण आवाज मोठा.

"लबाड बोलली जी मी. धूर आहे, लय आहे. रातभर मले झोप नाही लागत, सकाळी थुकते तं काळं. मालकानं आणलं होतं म्हणून त्याले वाईट म्हणाले जीभ रेटत नव्हती. पण खाऊन राहिलं जी हे आमाले सगळ्याइले. घेऊन जा हे!"

एवढ्या वर्षांत तिलाही खोकला आहे हे मला ठाऊक नव्हतं. इंजिनाच्या आवाजात कोणाचं काय ऐकू येणार?

साहेबांनी चष्मा पुसला. फाइल उघडली. काळ्या बोटांनी लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणाले, "धूर, भरपूर." आणि मग स्वतःच हसायला लागले. तेव्हा कुठे गल्ली हसली. अशी हसली की लग्नाच्या मांडवातही कोणी तसं हसत नाही.

लग्नाच्या बुंदीला जरा डिझेलचा वास होता, पण व्याह्यांनी दोनदा मागून घेतली.

मोटर श्रावणात आली. छोटीशी, निळी, कोपऱ्यात बसलेल्या सशाएवढी. जोडणीला दिवस गेले, मीटर बसायला गेले, आणि जुनं इंजिन खात्याच्या गोदामात जमा करायचा दिवस नेमका आला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता त्या दिवशी नागपुरात मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक, सगळे रस्ते माणसांनी भरलेले. शहरावरची रोगराई, ईडापीडा त्या मारबतीनं सोबत न्यावी म्हणून सगळं गाव ओरडत तिच्यामागे जातं. गणपतराव म्हणाले, उद्या नेऊ. रंभाबाई म्हणाली, "आजच नेऊ. आजच्यासारखा मुहूर्त हाय का बाप्पा?"

ठेल्यावर इंजिन चढवलं. ह्या वेळी मोगऱ्याचा हार नव्हता. जुन्या चपलांची माळ होती, पाइपाला माझं सर्वांत काळं धोतर बांधलेलं. नत्थूजी आणि गल्लीतली पोरं ठेला ढकलत होती, मागून आम्ही बाया. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मिरवणुकीत अडकलो, की मिरवणुकीनंच आम्हाला ओढून घेतलं, देव जाणे. ढोल, गर्दी, उन्हात चमकणारे बडगे, म्हणजे मारबतीसोबत निघणारे पुतळे. लोक विचारायचे, "हे कायचं बडगं हाय गा?" नत्थूजी सांगायचा, "धुराचं!" आणि मग रंभाबाईनं हात वर केला. पंधरा वर्षं इंजिनाच्या वरताण ओरडून कमावलेला तो गळा. ढोलसुद्धा तिच्यापुढे फिका पडला.

"खोकला, दमा, धूर घेऊन..."

"जा गे मारबत!" आम्ही ओरडलो.

दुसऱ्या हाकेला शेकडो अनोळखी माणसं आमच्यासोबत ओरडली. आमचे हे गर्दीत नको म्हणून मी त्यांना घरी ठेवलं होतं. वळून पाहते तर हे मागे उभे, पंचा डोक्यावरून फिरवत, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. त्या आरोळीनंतर ते खोकले नाहीत. मी वाट पाहिली, पण नाही खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरं धोतर दोरीवर टाकलं आणि ओट्यावर बसले. समोर रंभाबाईनं खटका दाबला. मोटर नुसती गुणगुणली. पाळ्या फिरायला लागल्या, पीठ पडायला लागलं, आणि मला एक आवाज आला. आधी वाटलं, कोणाच्या तरी रेडिओचा. मग नीट ऐकलं. रंभाबाई गात होती. दळताना बायका गातात तशी, स्वतःशीच, हलक्या गळ्यानं. नवीन गळा नव्हता तो. ही बाई रोज गात असणार, एवढी वर्षं, आणि त्या इंजिनानं एक ओळ आमच्यापर्यंत येऊ दिली नव्हती.

"शेजारीण माही मिरचीवाणी तिखट वं,
तिच्याबिगर भाकर लागे अळणी वं..."

म्हणजे पंधरा वर्षं ही माझ्यावर ओव्या रचत होती!

"रंभाबाई!" मी ओट्यावरून हाक मारली. ओरडायची गरज नव्हती, पण सवय. "आता ऐकू येते बरं का सगळं!"

चक्कीतलं गाणं एकदम थांबलं. पिठाचा एक पांढरा चेहरा दारातून बाहेर डोकावला, माझ्याकडे पाहून हसला आणि आत गेला. मग तिनं तीच ओळ पुन्हा धरली, ह्या वेळी मुद्दाम मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. माझं धोतर संध्याकाळपर्यंत पांढरंच होतं.