माझा हातचा चुकत नाही

मी एक जुने गणनयंत्र आहे. हाताने फिरवायचे, काळ्या रंगाचे, आणि उचलायला दोन्ही हात लागतील इतके जड. जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला नाक मुरडायचे कष्ट नकोत. पण मित्रांनो, मला कुणी खोटारडा म्हटले, तर ते मी ऐकून घेणार नाही. एकदा म्हटले होते, आणि त्यापायी मी वितळवायच्या भट्टीत जाणार होतो.

सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. १९५२ साली मी बंगळुरात, तलाव आणि बंधारे मोजणाऱ्या एका कचेरीत आलो. माझ्या अंगावर आकड्यांच्या खुंट्या आहेत. त्या लावायच्या आणि उजवीकडची मूठ फिरवायची, की खालच्या खिडक्यांत उत्तर दिसते. बेरीज करताना तुम्ही हातचा घेता ना? तो पुढच्या घरात न्यायला माझ्या पोटात घराघरापाशी एक पितळी कळ आहे. तुम्ही हातचा विसरता आणि कान पिळून घेता. मी सात वर्षांत एकदाही विसरलो नाही. कचेरीत पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हा आमचा सगळ्यात हुशार कारकून!"

इथे आयुधपूजेला यंत्रे, हत्यारे, अगदी कात्रीसुद्धा पुसून पुजतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. आमच्या कचेरीत ही पूजा शिवाप्पा शिपाई करायचा. तो बेळगावकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. १९५९ च्या पूजेला त्याने मला झेंडूची माळ घातली, कुंकू लावले आणि म्हणाला, "वर्षभर राबलास बाबा, आज बस निवांत." मग हळद लावलेल्या मूठभर पिवळ्या अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा खुंटीच्या फटीतून आत घरंगळला आणि शेकडा नि हजार यांच्यामधल्या कळीखाली जाऊन बसला. मला तो टोचत होता, पण यंत्राने ओरडायचे कसे?

दुसऱ्या दिवशी एका बंधाऱ्याच्या मातीचा हिशेब नेमका हजाराने कमी आला. पुन्हा केला, पुन्हा तसाच. साहेबांनी विजेवर चालणारे नवे यंत्र आधीच मागवले होते, त्यामुळे त्यांना निमित्तच मिळाले. "खोटारडं झालंय हे," ते म्हणाले आणि माझ्यावर 'निकामी' अशी चिठ्ठी डकवली. माझे झाकण चार स्क्रूंनी बसवलेले आहे, मित्रांनो. फक्त चार! ते काढून आत डोकवायला कुणाला सवड झाली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. शिवाप्पावर माझा राग नाही, त्याने माया केली. साहेबांवर मात्र आहे, आणि तो मी लपवत नाही.

चार वर्षे मी कचेरीच्या अडगळीत धूळ खात पडलो. मग लिलावातून बंगळुरातल्याच चिकपेट बाजारातल्या एका मोडीच्या दुकानात पोहोचलो. तिथे मला खंडोजी भेटले. त्यांचा धंदा शिलाई मशिनी दुरुस्त करायचा आणि नाद जुनी गणनयंत्रे गोळा करून ती चालती करायचा. ते मला पोत्यात घालून चामराजपेटला घरी घेऊन आले.

"आणलंत आणखी एक लोखंड?" त्यांच्या पत्नी भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांच्या घरी एक नियम होता. फळीवर चालणारी यंत्रेच ठेवायची. जी चालत नाहीत ती आयुधपूजेच्या आधी कल्लाप्पा भंगारवाल्याला द्यायची. "मेलेल्या हत्याराची पूजा करत नाहीत," असे त्या म्हणत. पूजेला वीस दिवस उरले होते.

खंडोजींनी रोज संध्याकाळी माझा एकेक भाग सुटा केला, पुसला, तेल घालून पुन्हा जोडला. मग सगळ्या खिडक्यांत नऊ आणून ते त्यात एक मिळवायचे. हातचा एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवा, पण दर वेळी तो हजारापाशी अडायचा. वीस दिवस संपले. दारात कल्लाप्पा पोते पसरून बसला. "अक्का, पितळ किती निघंल हो ह्यात?" त्याने विचारले. खरे सांगतो, मी भ्यालो होतो.

"ह्या कळीखाली एक पिवळी खुंटी आहे," खंडोजी आत निरखत म्हणाले. "कारखान्यानंच बसवलेली असणार, म्हणून मी हात लावला नाही."

"अहो, स्वल्प सरका बघू." भागीरथीबाईंनी वाकून पाहिले. "कसली खुंटी? वाळलेल्या तेलात चिकटलेली अक्षता आहे ही! तांदूळ तुम्हाला ओळखू येईना?"

त्यांनी शिलाईच्या सुईने तो दाणा उकरून काढला आणि स्वतःच माझी मूठ फिरवली. नऊ, नऊ, नऊ... एकापाठोपाठ एक सगळ्या खिडक्यांत शून्ये आली आणि हातचा शेवटच्या घरापलीकडे गेला की वाजते ती माझी घंटा वाजली. मी इतकी वर्षे त्या आवाजाची वाट पाहत होतो.

भागीरथीबाई दारात गेल्या. "ऊठ कल्लाप्पा, ह्याला न्यायचं नाही. ह्याची काही चूक नव्हती."

हे वाक्य माझ्या बाजूने आजवर कुणीच बोलले नव्हते.

आता म्हणे खोलीभर पसरलेली नवी यंत्रे येऊ लागली आहेत. येऊ देत! मित्रांनो, एखादे जुने यंत्र चुकले, तर त्याला नाव ठेवण्याआधी चार स्क्रू काढा आणि आत बघा. माझ्याकडे याल तेव्हा मात्र हळहळत येऊ नका. तेलाचे दोन थेंब घेऊन या, आणि तुम्हाला न सुटणारा एखादा गुणाकार.