दुधीचा काळा केक

सासरी आलेल्या जावयाने पाटावर बसावं, ताटात पडेल ते खावं, आहेर घ्यावा आणि आपल्या घरी जावं. आमचे जयदेवराव आले ते पँट दुमडून थेट माझ्या ओट्याशी उभे राहिले. धोंड्याचा महिना. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून मी तेहतीस अनारसे तळलेले, आणि जावई माझ्या परातीत कोपरापर्यंत हात घालतोय! अख्ख्या जांभूळ गावात असला तमाशा कोणी पाहिला नसेल.

जयदेव म्हणजे माझ्या जनीचा नवरा. आनंदनगरला रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर, राहायला अंबरनाथ. पावडरी मोजून मोजून त्याला वाटायला लागलं की जगातलं सगळंच मोजता येतं. तीन महिन्यांपूर्वी आमच्या मालकांच्या, जनीच्या बाबांच्या, पायाच्या अंगठ्याला जखम झाली, भरेना म्हणून रक्त तपासलं तर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात कमी, गोड बंद, रोज चाला. मी भात अर्धा केला, चहातली साखर काढली. जखम सुकायला लागली होती. पण जयदेवचं समाधान होईना.

“मामी, मामांचं तोंड गोडाला तरसतं ना? मी असा केक करतो, ज्यात मैदा नाही, साखर नाही, पिष्ट जवळजवळ झीरो. फॉरेनचे लोक खातात.”

कोणत्या तरी मासिकातला कागद कापून आणला होता. त्यात कसली विलायती काकडी किसून घालायची होती, ती बदलापूरच्या बाजारात कोण विकतंय? म्हणाला, दुधी चालेल. पिशवीतून सामान काढलं. सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे, गोड करायच्या इवल्याशा गोळ्या, सिंधी दुकानदाराकडून आणलेला कोकोचा डबा, आणि कागदात गुंडाळलेली चार अंडी.

धोंड्याच्या महिन्यात माझ्या घरात मासळीचा काटासुद्धा येत नाही. ह्याने माझ्या डोळ्यांदेखत, देवघराच्या भिंतीला लागून, अंडी फोडली.

मी जनीकडे पाहिलं. जनी खाली मान घालून शेंगदाणे कुटत होती.

“आये, तू जरा बाहेर बस ना,” ती हळूच बोलली. “त्यांना मधी मधी बोललेलं चालत नाय.”

माझ्या घरात मीच बाहेर! उठले आणि ओटीवर जाऊन बसले. जावयाला कोण बोलणार? जावई म्हणजे दहावा ग्रह.

मग तो सुरी घेऊन परसात गेला. मांडवावर दोन कोवळे दुधी लोंबत होते, ते त्याला दिसले नाहीत. उकिरड्याकडेला एक वेल आपोआप उगवला होता, त्यावरचा गुबगुबीत दुधी त्याने कापला. त्या वेलाचा एक दुधी गेल्या महिन्यात मी चिरला होता. कडूजहर. तसाच खड्ड्यात टाकला होता.

आता खरं सांगते. मी बघत होते आणि गप्प बसले. मला वाटलं, चिरेल, देठाकडची फोड जिभेला लावेल, थू थू करेल आणि सगळा पसारा टाकून देईल. बरी जिरेल. दुधी चिरला की आधी चाखायचा हे आमच्याकडे परकरातल्या पोरीलाही कळतं. कडू दुधी पोटात गेला तर माणूस आडवा होतो. एवढा शिकलेला माणूस चाखल्याशिवाय किसेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तासाभराने त्याने आणलेल्या गोल पत्र्याच्या ओव्हनमधून वास सुटला. कच्च्या सोयाबीनचा, अंड्याचा आणि काहीतरी करपल्याचा. नाकाला पदर लावून मी शेजारी विठाकडे गेले. ती म्हणाली, “गोदू, तुझ्या घरात कोनी चप्पल जाळली काय?” मी म्हटलं, “जावई जेवन बनवतो.” ती हसून लोळायची बाकी राहिली.

परत आले तर पितळी ताटात तो केक ठेवलेला. लांबट, काळा, मधोमध खचलेला. कापलेल्या बाजूने दुधीच्या हिरवट शिरा बाहेर आलेल्या, ओलसर, बुळबुळीत. पावसात भिजलेली शेणी बरी दिसते. मालकांनी दोन जाड फोडी संपवल्या होत्या आणि तोंड वाकडं करून पाणी पीत होते. जयदेव समोर बसून अनारसे खात होता. सातवा की आठवा असेल. बोटावरचं तूप चाटत होता.

“तुमी नाय खाल्ला हा केक?” मी विचारलं.

“मी? मामी, मला कुठं शुगर आहे?”

“लागतो कसा?” मी मालकांना विचारलं.

“कडू हाय जरा. पन जयदेव बोलतो, कोको कडूच असतो.”

चिमूटभर केक मोडून जिभेवर ठेवला. आधी त्या गोळीचा खोटा गोडवा, मग कोको, आणि त्याच्या मागून जीभ आखडून टाकणारा तो कडूपणा. मी अंगणात जाऊन थुंकले. चूळ भरली, परत थुंकले. मग कचऱ्याच्या पाटीतून दुधीची साल उचलली आणि चाखली. तीच चव.

“कडू दुधी घातलात!” मी ओरडले. “मालक, बोट घाला घशात. ओका आधी!”

“मामी, पॅनिक होऊ नका,” जयदेव जागचा हलला नाही. “कडू म्हणजे शुगरला बेस्ट. कारलं नाही का खात आपण? उलट जास्त फायदा होईल.”

“फायदा? दुधी चाखला व्हतात का?”

“किसताना कोण चाखतं?”

मालक जावयाचा मान राखायला बसून राहिले. जन्मभर भिडस्त माणूस. अर्धा तासही गेला नाही, पोट धरून ओटीवर कोसळले. उलट्या थांबेनात. काळ्या, चिकट, आणि त्यातही त्या हिरव्या शिरा. मी हाताने तोंड पुसत होते आणि मला माझीच किळस येत होती, कारण मी पाहिलं होतं आणि बोलले नव्हते. जनीने रिक्षा आणली. निघताना मी साल पदराला बांधून घेतली.

बदलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी तोंड उघडायच्या आत जयदेव पुढे झाला.

“डायबेटिक आहेत, डॉक्टर. घरी अनारसे केलेत, तुपातले. चोरून खाल्ले असतील. शुगर शूट झाली असणार.”

समोर नवरा गुरासारखा कण्हतोय आणि हा माझ्या अनारशांवर बिल फाडतोय! जनीनेही मान वर केली. पहिल्यांदा.

“खोटं हाय, डॉक्टर,” ती म्हणाली. “बाबांनी एकपन अनारसा खाल्ला नाय. ह्यांनी केलेला केक खाल्ला. त्यात दुधी होता.”

मी पदराची गाठ सोडली. “चाखा.”

डॉक्टर गावाकडचेच असावेत. साल जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच बेसिनमध्ये थुंकले. पुढे काही विचारलं नाही. सलाईन लावलं, सुई दिली, साखर तपासली, आणि म्हणाले, “साल आणून काम सोपं केलंत, बाई. आज इथंच ठेवायला लागतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी डोळे उघडले, चहा मागितला. मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. जयदेव बाजूला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, कामावर निघालेला.

“मामी, झालं ते झालं. बाहेर कुणाला सांगू नका, कारखान्यात हसतील. प्रोसेस बरोबर होती, मटेरियल फॉल्टी निघालं. पुढच्या वेळी गाजर घालून बघू.”

सहा वर्षांत मी त्याला अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. जनी दारातच होती, तिनेही ऐकलं.

“जयदेव, इकडे बघ. मी गप बसले ते माझं पाप, ते मी फेडीन. पन तू माझ्या मानसाला जे चारलंस ते सोता तोंडात घेतलं नव्हतंस, आनि तो मरायला टेकला तवा माझ्यावर ढकललंस. भाजी कडू निघाली तर ती फेकता येते. तू माझ्या लेकीच्या गल्यात हायस म्हनून फेकता येत नाय, एवढंच.”