धुतलेले हात

पोस्टिंग संपत आली होती, आणि डॉक्टर डिंपलने अजून एकही सिझर पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत स्वतः केलं नव्हतं. कॉलेजने तिला भंडारा जिल्ह्यातल्या या सरकारी दवाखान्यात धाडलं ते हात बसावा म्हणून. हात बसला, पण स्ट्रेचर ढकलण्यात! वॉर्डबॉयचं कंत्राट संपलेलं, नवं कुणाला द्यायचं यावर वर नुसता खल. तोवर रक्ताचे नमुने पोचवणं, रक्तपेढीतून पिशवी आणणं, पेशंट ऑपरेशन थिएटरात नेणं, सगळं तिच्यासारख्या शिकाऊ रेसिडेंट डॉक्टरच्या गळ्यात. ती परतेपर्यंत सिझर उरकलेलं असायचं. गावी कोंढ्याला तिचे वडील मात्र चारचौघांत सांगत, पोरगी ऑपरेशनं करते म्हणून.

एकदाचं नवं कंत्राट झालं आणि कमलेश नावाचा वॉर्डबॉय आला. त्याच सकाळी एकोडीच्या कुंताबाईंची सून सिझरसाठी घेतली. अंगात रक्त कमी, म्हणून एक पिशवी मागवून ठेवली होती.

"आज पुरं सिझर तूच करजो," मोठ्या डॉक्टर चंद्रकांता म्हणाल्या. "मी फक्त पाहीन."

डिंपलला आनंदाने काही सुचेना. ती हात धुवायला निघाली, तेवढ्यात रक्तपेढीतून फोन आला, पिशवी तयार आहे.

"आणते!" म्हणत ती पळालीसुद्धा. कोरा गणवेश घातलेला कमलेश दाराशीच रिकामा उभा होता. तो तिला दिसला, पण त्याला सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

ती पिशवी घेऊन परतली तेव्हा आत बाळ रडत होतं. पोटात त्याचे ठोके घसरले होते, मॅडमला थांबता आलं नाही.

"काहून गेली तू?" टाके घालताना मॅडमने विचारलं. "कमलेश का शोभेले ठेवला? इथं येऊन शिकली काय तू, सांग."

"रक्तपेढीचा जवळचा रस्ता, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. बाहेर कुंताबाईंनी तिचे हात धरले. "किती धावल्या जी तुम्ही! त्या डॉक्टरीनबाईनं ऑपरेशन केलं, तुम्ही रक्त आनलं. देव तुमचं भलं करो."

कपडे बदलायच्या खोलीत डिंपल ढसाढसा रडली. कंत्राटवाल्यांचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःच्या पायांचा आला.

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी बपेऱ्याची एक बाई सिझरसाठी आली. डिंपलने सगळ्यांच्या आधी हात धुतले आणि कोपरं वाकवून ते समोर धरून उभी राहिली. धुतलेला हात आता कशालाच लावायचा नव्हता.

बाहेर स्ट्रेचरचं चाक उंबऱ्याला अडलं. "ओ बाई, जरा हात लावा जी!" कुणीतरी ओरडलं.

तिचे पाय निघालेच. दोन पावलं गेल्यावर तिने आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं आणि ती थांबली. आपण जात नाही याची तिला लाज वाटली, तरी थांबली.

"आलो, आलो," बाहेर कमलेशचा आवाज आला. चाक सुटलं.

चंद्रकांता मॅडम टेबलाला वळसा घालून पलीकडे, मदतनिसाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. नेहमीची त्यांची जागा मोकळी होती. हातमोजे चढवून डिंपल तिथे उभी राहिली आणि तिने सुरीसाठी हात पुढे केला.